चार तारांचा खर्ज पुढे आला तो कसा? जॉन एंटविसलची बेस गिटार

गणपतीतला ऑर्केस्ट्रा असो की कॉलेजचं गॅदरिंग, स्टेजवर जरा मागे एक जण हमखास उभा असतो. गळ्यात लांब दांडीची, चारच तारांची गिटार. टाळ्या गायकाला मिळतात, नजरा लीड गिटारवर खिळतात, ड्रमर तर लपूच शकत नाही. घरी परतताना मग कुणीतरी विचारतं, "तो चार तारांचा नेमकं काय वाजवत होता? मला काहीच ऐकू आलं नाही."

यात विचारणाऱ्याच्या कानाचा दोष नाही. बेस गिटार बाजारात आल्यावर पुढची बरीच वर्षं ती वेगळी ऐकू यावी अशी फारशी कुणाची अपेक्षाच नव्हती. ती जाणवली की पुरे. रॉक संगीतापुरती ही अपेक्षा ज्यांनी बदलली, त्यांच्यात माझ्या मते पहिलं नाव जॉन एंटविसलचं. तो 'द हू' या इंग्लिश बँडचा बेस गिटारवादक.

त्याची एक चित्रफीत इंटरनेटवर वर्षानुवर्षं फिरते आहे. १९७८ साली लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत या बँडचं चित्रीकरण झालं होतं. त्यातल्या एका गाण्यातून बाकीची वाद्यं वगळून फक्त बेस शिल्लक ठेवला आहे. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा ही बेस गिटार आहे यावर माझा विश्वास बसेना. खाली घुमणारा खर्ज आहे, त्यावर पितळी भांड्यावर नाणं आपटल्यासारखी धार आहे, आणि अख्खं गाणं एकट्या या वाद्यात उभं आहे. हे कसं होतं, ते आता पायरीपायरीने पाहू.

आधी एक तार

तार छेडली की ती थरथरते. सेकंदाला किती वेळा थरथरते, त्यावर स्वर चढा की ढाला हे ठरतं. या मोजमापाला हर्ट्झ म्हणतात. साध्या गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजवली तर ती सेकंदाला साधारण ८२ वेळा थरथरते. बेस गिटारची सर्वांत जाड तार त्याच्या निम्मी, म्हणजे ४१ वेळा. बरोबर एक सप्तक खाली.

४१ हर्ट्झचा स्वर सांभाळायला अवघड. हवेतली त्याची एक लाट आठ मीटरहून लांब असते. आपल्या बहुतेक दिवाणखान्यांत ती मावतही नाही. ती हवेत ढकलायला मोठा स्पीकर आणि भरपूर ताकद लागते. शिवाय इतक्या ढाल्या स्वरांना आपला कान मुळातच मंद. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असते तेव्हा हा अनुभव येतो. तावदानं थरथरतात, छातीत धडधडतं, पण गाणं कोणतं चाललंय ते ओळखता येत नाही. खर्ज भिंती ओलांडून आत येतो, चाल बाहेरच राहते.

बेस गिटारचंही असंच व्हायचं. लिओ फेंडर या अमेरिकन कारागिराने १९५१ साली आपली पहिली बेस गिटार विकायला काढली आणि तिला 'प्रिसिजन' असं नाव दिलं. दांडीवर पडदे, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, असल्यामुळे स्वर नेमका लागतो, हा त्या नावामागचा अर्थ. ज्या वाद्याची जागा ती घेत होती, ते म्हणजे माणसाहून उंच, उभं धरून वाजवायचं डबल बेस. त्याचा गोल, मऊ 'ढुम्म' आवाज सगळ्यांच्या कानात बसलेला होता, त्यामुळे नव्या वाद्यातूनही लोकांना तोच हवा होता.

तंबोऱ्यात जे घडतं ते

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

तार कधीच एकाच वेगाने थरथरत नाही. अख्खी तार थरथरत असतानाच तिचे दोन अर्धे भाग दुप्पट वेगाने थरथरतात, तीन तृतीयांश तिप्पट वेगाने, आणि असंच पुढे. म्हणून ४१ हर्ट्झच्या तारेतून त्याच वेळी ८२, १२४, १६५, २०६ असे वरचे स्वरही निघत असतात. त्यांना आपण उपस्वर म्हणू.

मैफलीला बसणाऱ्यांना हे नवं नाही. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यात खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो. आपण त्याला स्वयंभू गंधार म्हणतो. मूळ स्वर पहिला धरला तर तो या मालिकेतला पाचवा. मिरजेचे कारागीर तारांखालच्या घोडीची जवारी काढण्यात जीव ओततात ते याच उपस्वरांसाठी. तार घोडीच्या पसरट पाठीला हलकेच लागत राहिली की उपस्वर फुलतात आणि तंबोरा बोलू लागतो. जवारी उतरली की तोच तंबोरा, तीच तार, तोच षड्ज, पण आवाज मुका. स्वर जागच्या जागी असतो, उपस्वर तेवढे गेलेले असतात.

एंटविसलचा तंबोऱ्याशी काहीही संबंध नव्हता. पण त्याने बेस गिटारच्या बाबतीत जे केलं ते मला एका वाक्यात सांगायचं तर असं सांगेन: त्याने तिची जवारी काढली. तारेत, हातात आणि आवाज वाढवणाऱ्या यंत्रात, अशा तिन्ही ठिकाणी.

मोबाइलवर बेस 'ऐकू' येतो तो कुठून?

उपस्वरांचा आणखी एक उपयोग आहे आणि तो फार विलक्षण आहे. मोबाइलचा इवलासा स्पीकर ४१ हर्ट्झचा स्वर वाजवूच शकत नाही. पूर्वीच्या ट्रान्झिस्टर रेडिओचीही तीच गत होती. तरीही काही गाण्यांतला बेस आपल्याला त्यावर स्पष्ट कळतो आणि काहींतला पार गायब होतो.

याचं कारण आपल्या मेंदूत आहे. अंधारात जिन्याच्या फक्त वरच्या चारपाच पायऱ्या दिसत असल्या आणि त्या सारख्या अंतरावर असल्या, तर खालची न दिसणारी पायरी कुठे असेल ते पायाला बरोबर समजतं. कानही तेच करतो. १६५, २०६, २४७ असे ४१च्या अंतराने येणारे स्वर कानावर पडले की मेंदू ४१चा मूळ स्वर स्वतःहून भरून घेतो. स्पीकरने तो दिलेलाच नसतो, तरी आपल्याला ढाला स्वर ऐकल्याची खात्री वाटते.

म्हणजे ज्या बेसमध्ये उपस्वर भरपूर तो छोट्या रेडिओवरही टिकतो, आणि गिटार-ड्रमच्या गोंगाटातही उठून दिसतो. ज्यात ते नाहीत तो बुडतो.

त्याला हे करावं का लागलं

एंटविसलचा जन्म १९४४चा, लंडनमधला. सातव्या वर्षी पियानो, पुढे ट्रम्पेट, मग फ्रेंच हॉर्न. शाळकरी मुलांच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात त्याने हॉर्न वाजवला. रॉकमधल्या त्याच्या पिढीत स्वरलिपी वाचू शकणारे थोडे होते, हा त्यांतला एक. पहिली बेस गिटार विकत घेणं परवडेना म्हणून त्याने ती घरीच बनवली. काही काळ आयकर खात्यात नोकरीही केली.

पण खरं कारण बँडच्या रचनेत आहे. 'द हू'मध्ये चौघं, त्यांतला रॉजर डाल्ट्री गायक. वाद्यं उरली तीनच. गिटारवर पीट टाउनसेंड. तो लांबलचक सुरावटी वाजवण्यापेक्षा एकदम सगळ्या तारांवर हात मारून भरगच्च आघात देणारा. ड्रमवर कीथ मून, ठेका धरून बसणं ज्याच्या स्वभावात नव्हतं. तो गाण्याची प्रत्येक रिकामी जागा आघातांनी भरून टाकायचा. तबलजीच उठानामागून उठान घेत राहिला तर पेटीवाल्याला लेहरा जास्तच घट्ट धरावा लागतो. इथे एंटविसलवर दोन कामं आली. एक, लय धरून ठेवणं. दुसरं, एरवी लीड गिटार जी सुरावट वाजवते ती वाजवणं. मऊ 'ढुम्म'ने हे दुसरं काम होण्यासारखं नव्हतं. लोकांना चाल ऐकू यायची तर प्रत्येक स्वराला कड हवी.

तारा: तीन गिटारी विकत घेतल्याची गोष्ट

१९६५ साली बँडने 'माय जनरेशन' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. मधल्या भागात एरवी लीड गिटार एकटी वाजते, तिथे यांनी बेस गिटारला एकटं सोडलं. रॉकच्या लोकप्रिय गाण्यात हे तोवर जवळपास कुणी केलं नव्हतं.

त्यासाठी एंटविसलने डॅनइलेक्ट्रो नावाची अमेरिकन बेस गिटार घेतली, कारण तिच्या बारीक तारांचा आवाज खणखणीत होता. पण बारीक तार तुटते. नुसत्या तारा इंग्लंडमध्ये मिळेनात, म्हणून तो पुन्हा तीच अख्खी गिटार विकत घ्यायचा. अशा तीन झाल्या. तिसरीचीही तार तुटली तेव्हा दुकानातला साठाच संपला होता. शेवटी फेंडरची जाड तारांची गिटार घेऊन त्याने तो तुकडा वाजवला. आज आपण ऐकतो तो हाच, त्याच्या मनातल्यापेक्षा थोडा मऊ.

तारेचा प्रश्न नीट सुटला पुढच्या वर्षी. बेस गिटारच्या तारेत आत पोलादी गाभा असतो आणि भोवती दुसरी तार गुंडाळलेली असते. तेव्हा बहुतेक वादक चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या तारा वापरायचे. बोट फिरवलं तर गुळगुळीत, आवाज दबका. गोल तारेने गुंडाळलेली तार हाताला खरखरीत लागते, पण उपस्वर खुलेपणाने सोडते आणि ते रेंगाळतातही. रोटोसाउंड या इंग्लिश कंपनीच्या अशा तारा त्याने वापरून पाहिल्या. त्यांतल्या जाड तारा नीट बोलत नव्हत्या, म्हणून १९६६ मध्ये तो थेट त्यांच्याकडे गेला आणि जमेपर्यंत त्यांच्यासोबत बसून वेगवेगळ्या तारा ताणून पाहिल्या. त्यातून 'स्विंग बेस' हा संच तयार झाला. तो आजही विकला जातो.

या तारांचे तोटे खरे आहेत. बोट सरकताना त्या कुरकुरतात, पडदे झिजवतात, आणि घाम-मळ खाचांत बसला की चमक जाते. नवा संच महाग पडतो म्हणून कितीतरी होतकरू वादक जुन्या तारा उकळत्या पाण्यात घालून पुन्हा चढवतात. स्वयंपाकघरातल्या पातेल्यात गिटारच्या तारा उकळताना पाहिल्या तर घरच्यांनी घाबरू नये.

हात: टायपिंगच्या क्लासात बसल्यासारखा

आपल्याकडे टायपिंगचे क्लास ज्यांनी केले आहेत त्यांना हे लगेच समजेल. एंटविसल उजवा हात तारांच्या वर अलगद धरायचा आणि चारही बोटांच्या टोकांनी तारांवर टकटक करायचा, टायपरायटरच्या कळा दाबाव्यात तसा. या पद्धतीला नावही 'टायपरायटर' असंच पडलं.

यात तार ओढून सोडली जात नाही, वरून ठोकली जाते. ती खाली जाऊन धातूच्या पडद्यावर आपटते. त्या आपटण्यात 'टण्' असा क्षणभराचा आघात निघतो आणि लगेच मागून स्वर घुमतो. तबल्यावर 'ना' वाजवताना किनारीवर बोट पडतं आणि आधी टोक, मग नाद कानी येतो, काहीसं तसं. आवाजाच्या पहिल्या काही क्षणांवरूनच आपण वाद्य ओळखतो. त्यामुळे हा छोटासा 'टण्' प्रत्येक स्वराला जणू स्वतःची सही देऊन जातो. चार बोटं असल्याने वेग मिळतोच, शिवाय एकाच वेळी दोनतीन तारांवर आघात करता येतो.

तो फक्त एवढंच करायचा असं नाही. कधी बोटांनी छेडणं, कधी प्लेक्ट्रम, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, कधी डाव्या हाताच्या बोटाने पडद्यावरच तार ठोकणं, आणि हे सगळं एका गाण्यात आलटूनपालटून. हा अंगठ्याने तार आपटायच्या फंक शैलीहून वेगळा प्रकार आहे. दोन्हींची गल्लत फार होते.

यंत्र: वरण वेगळं, फोडणी वेगळी

आता तिसरी जागा, ॲम्प्लिफायर, म्हणजे तारेचा दुबळा विद्युत-संदेश मोठा करून स्पीकरला देणारं यंत्र. बोलीत ॲम्प.

ॲम्पला त्याच्या कुवतीपलीकडे रेटलं की आवाज फाटतो. रॉकमध्ये ही फाट हवीहवीशी असते, कारण तिच्यातून नवे उपस्वर निघतात. पण खर्जाच्या लाटा अवाढव्य. त्या ॲम्पची सगळी ताकद खातात, आणि त्यांच्यावर स्वार असलेले बारीक स्वर लाटेसोबतच छाटले जातात. उरतो तो गिचका.

यावर एंटविसलने धरलेली वाट कोणत्याही स्वयंपाकघरात पटेल. वरण आपण मऊ शिजवतो, फोडणी वेगळ्या कढल्यात कडकडीत करतो आणि मग वर ओततो. फोडणीचं सगळं साहित्य पहिल्यापासून कुकरमध्ये टाकलं तर तडतड राहत नाही. त्याने गिटारचा संदेश दोन वाटांनी पाठवला. खालचे स्वर एका ॲम्पला, स्वच्छ आणि भरीव. वरचे स्वर दुसऱ्या ॲम्पला, तिथे हवे तितके फाडलेले. पाया हलत नाही आणि धारही जात नाही. याला बाय-ॲम्पिंग म्हणतात.

"म्हणजे त्याने नुसता आवाजच वाढवला ना?"

हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि त्यात तथ्य आहे. ॲम्प बनवणाऱ्या जिम मार्शलच्या लंडनमधल्या दुकानातून चार मोठ्या स्पीकरांचं खोकं आधी एंटविसलने घेतलं. मग टाउनसेंडला स्वतःची गिटार ऐकू येईना, म्हणून त्यानेही घेतलं. दोघांची चढाओढ १०० वॅटच्या ॲम्पपर्यंत पोचली. ३१ मे १९७६ रोजी लंडनमधल्या चार्लटनच्या फुटबॉल मैदानावर या बँडचा आवाज ३२ मीटरवर १२६ डेसिबल मोजला गेला आणि गिनीज बुकात नोंदला गेला. तुलनेसाठी, आपल्याकडे निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि डेसिबलमध्ये दहाची वाढ म्हणजे दहापट ताकद.

याची किंमत त्यांनी कानांनी मोजली. एंटविसलला पुढे ऐकू कमी येऊ लागलं, टाउनसेंडच्या कानांचंही नुकसान झालं. डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या मुलांची मला काळजी वाटते ती याचसाठी. कानाच्या आतल्या संवेदक पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत.

पण मोठा आवाज हे स्पष्ट आवाजाचं कारण नव्हे. पारख सोपी आहे: त्याची ध्वनिमुद्रणं अगदी हळू आवाजात लावा. बेसचा स्वरन्स्वर तरीही वेगळा कळतो.

"बेसने मागेच राहायला हवं, नाही का?"

मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांतला बेसवादक जेम्स जेमर्सन आठवावा. चपट्या, जुन्या, शक्यतो न बदललेल्या तारा आणि छेडायला उजव्या हाताचं एकच बोट. सगळं एंटविसलच्या उलट. तरी त्याच्याइतकं सुंदर बेसवादन मी फार थोडं ऐकलं आहे. गायकाला मखमली गादी हवी असेल तर जेमर्सनचाच मार्ग बरोबर. त्याच काळात बीटल्समध्ये पॉल मॅकार्टनी आणि क्रीम या बँडमध्ये जॅक ब्रूस हेही बेसला गाती करत होते. मी एंटविसलला पुढे ठेवतो ते सुरावटीसाठी नाही. आवाजाचा पोत मुळापासून नव्याने घडवण्यात तो त्यांच्याही पुढे गेला.

आणि तो केवळ दिखाऊपणा होता का? 'द हू'च्या १९७३च्या 'क्वाड्रोफेनिया' या अल्बममधलं 'द रियल मी' हे गाणं ऐकावं. बेस गायकाच्या ओळींमधून धावत सुटतो. तिथे गिटार जवळजवळ साथीला आहे. तो काढून टाकला तर गाणं उरत नाही. जो भाग काढला की गाणं कोसळतं, त्याला मी दिखावा म्हणणार नाही.

पुढे काय झालं

येस या बँडचा बेसवादक क्रिस स्क्वायर आणि रश या बँडचा गेडी ली या दोघांनीही एंटविसलचा प्रभाव मोकळेपणाने मान्य केला आहे. दोघांचा आवाज तसाच धारदार. मोटरहेड या बँडच्या लेमीने तर बेस थेट मार्शलच्या ॲम्पमधून फाडून वाजवला. आणि गोल गुंडाळीच्या तारा आज इतक्या सर्रास झाल्या आहेत की दुकानात काही न सांगता बेसच्या तारा मागितल्या तर बहुधा त्याच हातात पडतात.

एंटविसल २७ जून २००२ रोजी लास व्हेगसमध्ये गेला. बँडचा अमेरिका दौरा दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. वय ५७.

स्वतः ऐकायचं तर

लीड्स विद्यापीठात १४ फेब्रुवारी १९७० रोजी झालेल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मिळवा. त्यात बेस एका कानात आणि गिटार दुसऱ्या कानात ठेवली आहे. एक इअरफोन काढला की एंटविसल जवळपास एकटा सापडतो.

मग शेपर्टनची ती चित्रफीत. पहिल्यांदा मुद्दाम मोबाइलच्या स्पीकरवरच लावा. बाकीचे तिघं हातपाय झाडत असतात, तो खांबासारखा उभा असतो, फक्त बोटं चालू. मोबाइल खालचा खर्ज देऊच शकत नाही, तरी चाल अख्खी कळते. त्यानंतर तीच चित्रफीत चांगले हेडफोन लावून ऐका. मघाशी आपण मनानेच धरून चाललेली खालची पायरी आता खरोखर पायाखाली येते.